चंबळचे चाकरमानी आणि दाजींचा आवाज

आमच्या धंद्याला तीन शत्रू होते: बुरशी, केबल आणि गिऱ्हाइकाचा मेव्हणा. बुरशीवर औषध होतं, केबलवर नव्हतं, आणि मेव्हणा तर चतुर्थीला मुंबईहून येणारच. भाड्याने आणलेल्या व्हिडिओला घरातली माणसं भीतभीत हात लावायची, पण मेव्हणा "आमच्या चाळीत असाच आहे" म्हणत स्क्रू उघडून बसायचा. दुसऱ्या दिवशी मशीन माझ्या टेबलावर आणि मेव्हणा परतीच्या गाडीत.

मालवणच्या बाजारात माझी व्हिडिओ लायब्ररी होती. आताच्या मुलांना लायब्ररी म्हटलं की पुस्तकंही आठवत नाहीत, तेव्हा थोडं समजावून सांगतो. सिनेमाच्या कॅसेट आम्ही एका दिवसाच्या भाड्याने द्यायचो. ज्याच्याकडे टीव्ही नाही त्याला टीव्ही, मशीन आणि तीन सिनेमे असा सगळा संसार रिक्षात घालून पाठवायचो. खाडीपलीकडे असेल तर होडीतून. होडीत टीव्ही मांडीवर घेऊन बसायचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. आजाऱ्याला नेतात तसा तो टीव्ही जायचा.

बुरशीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमची हवा खारी आणि चार महिने ओली. कॅसेटच्या आतल्या फितीवर पांढरी बुरशी धरायची. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की मशीनचं डोकं, म्हणजे फीत वाचणारं हेड, भरायचं, आणि मग त्यात घातलेली दुसरी चांगली कॅसेटही बिघडायची. म्हणून माझ्या कपाटात पावसाळाभर एक बल्ब जळत असे. लोक विचारायचे, "कॅसेटींका थंडी वाजता काय रे?" लोकांचे स्वतःचे उपाय होते. देवबागच्या एका बाईंनी लग्नाची कॅसेट चुलीवरच्या फळीवर सुक्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली होती, घरातली तीच एक कोरडी जागा म्हणून. बुरशीचा एक ठिपकाही नव्हता. पण कॅसेट मशीनमध्ये फिरायला लागली की दुकानातून वास असा सुटायचा की दारात मांजरं जमायची.

आता दुकानात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. पण मागच्या खोलीत दोन जुनी मशीन अजून चालू ठेवली आहेत. लोक माळ्यावरच्या कॅसेट आणून देतात, मी त्या साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देतो. बारशी, मुंजी, साठीशांती. निम्म्या लग्नांत मंगलाष्टकांच्या मध्येच क्रिकेट सुरू होतं. कॅसेटवर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून मागे एक प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती मोडून टाकायची. ते आम्ही घसा फोडून सांगायचो. कोण ऐकतो?

माझ्या लायब्ररीत सगळ्यात जास्त फिरलेली कॅसेट कोणती, तर मारधाडीची नव्हे, देवाधर्माचीही नव्हे. 'चंबळचे चाकरमानी'. त्या काळच्या दरोडेखोरांच्या सिनेमांची टर उडवणारा हा मराठी सिनेमा. निर्मात्याकडे चंबळला जायची ऐपत नव्हती, म्हणून आमच्या तोंडवलीच्या वाळूच्या टेकाडांनाच त्याने दऱ्याखोरी केलं. मागे सुरूचं बन दिसतं, एका दृश्यात होडीही दिसते. यातले दरोडेखोर मुंबईत नोकरीला आहेत आणि रजा टाकून दरोडे घालायला गावी येतात. सरदाराची किरकोळ रजा संपलेली असते, म्हणून दरोडा रविवारी. घोडा मिळतो एकच, तो एस.टी.तून आणतात, अर्ध्या तिकिटात. सरदार सुडाची शपथ घ्यायला मूठभर माती उचलतो, तर ती ओली निघते आणि हाताला चिकटून बसते. पुढची दोन दृश्यं तो हात पुसतोच आहे. खलनायक गडगडाटी हसतो आणि त्याला ठसका लागतो. सरदाराची आई बंदुकीसमोर उभी राहून म्हणते, "दरोडो मगे घाल, आधी पेज जेव."

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांनी हा सिनेमा नेला आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट टेबलावर आपटली.

"घोड्याक एस.टी.त अर्धा तिकीट नसता. मी डेपोत विचारून इलंय."

"गुरुजीनू, ती थट्टा आसा."

"थट्टा आसा ता माका कळता. पण थट्टेतसुद्धा नियम होयो."

पुढे दर चतुर्थीला गुरुजी तीच कॅसेट न्यायचे, नवीन चुका शोधायला. त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा म्हणतात. दुकानात मात्र त्यांचा चेहरा कायम गंभीर.

या सिनेमाचा प्राण म्हणजे गाऱ्हाण्याचा प्रसंग. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ हातात धरून देवाशी बोलतो, मागणं मागतो, आणि दर वाक्याला थांबतो. त्या जागी जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. ते ज्याला नीट घालता येतं अशी माणसं गावात एखाददुसरीच. तोंड उघडलं की समोरचा देव आणि मागचा गाव दोघांनीही कान द्यावेत असा आवाज लागतो. सिनेमात दरोड्यावर निघायच्या आधी ही टोळी देवळात गाऱ्हाणं घालते. सगळे होय म्हाराजा म्हणतात. ज्याच्या घरी दरोडा घालायचा तो सावकारही सवयीने त्याच रांगेत हात जोडून उभा असतो आणि तोही होय म्हाराजा म्हणतो. या ठिकाणी माणसं लोळायची.

गाऱ्हाणं घालणारा त्यात नट नव्हता. तो तोंडवलीचाच खरा गाऱ्हाणं घालणारा, दाजी. शूटिंगच्या वेळी दिग्दर्शकाने त्यांना म्हणे सांगितलं, तुम्ही रोज म्हणता तसंच म्हणा, फक्त मध्ये दरोड्याचं नाव घ्या. ते इतकं फर्मास झालं की तसंच ठेवलं, अशी सगळ्या पंचक्रोशीत कीर्ती. आमच्या दाजींचा आवाज सिनेमात आहे! तोंडवलीची पोर दुसऱ्या गावात दिली की सासरी हे पहिल्या आठवड्यात सांगून मोकळी व्हायची. दाजींना कुणी विचारलं तर ते मान हलवून विषय बदलायचे. लोक म्हणायचे, माणूस किती साधा.

गेल्या दिवाळीच्या आसपास दाजींची मुलगी सुगंधा दुकानात आली. ती कणकवलीला असते, शाळेत शिकवते. गिऱ्हाइकं होती म्हणून ती बाजूला थांबली. दुकान रिकामं झाल्यावर म्हणाली,

"काकानू, ती चाकरमान्यांची कॅसेट आसा मा तुमच्याकडे?"

"आसा तर. कित्या गो?"

"बाबांचो आवाज गेलो."  मग हळूहळू तिने सांगितलं. दाजींना घशाचा कर्करोग निघाला. गोव्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास. ओठ हलतात, पण त्यातून काहीही येत नाही. माणूस घरी आला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. देवळाकडे फिरकत नाही. कुणी भेटायला आलं की उठून मागीलदारी जातो. जेवायला दहा वेळा हाक मारावी लागते.

"देवळात आता माझो चुलतभाव गाऱ्हाणा घालता. बाबा त्या वेळी दार लावून घेतत. आई म्हणता, माणूस वाचलो पण घरात नाय."

मी विचारलं, मोबाइलवर कुणी काही भरून ठेवलं नव्हतं का? हल्ली तर माणसं आंघोळीचंही चित्रीकरण करतात.

"बाबा आधी सगळ्यांचे फोन खाली ठेवूक सांगायचे, मगच नारळ हातात घ्यायचे. गाऱ्हाणा देवाक घालूचा, फोनाक नाय, म्हणायचे." तिने डोळे पुसले. "टीव्हीवर लागतो त्या पिक्चरात तो भागच नाय. इंटरनेटवर आसा तोय तसोच. तुमच्या कॅसेटीत तेवडो आसा. एकदा त्यांका त्यांचो आवाज ऐकवूचो आसा, काकानू. मगे तरी माणसांत येतीत."

हे काम मी घेणार नाही असं होतं का?

कॅसेट कपाटात होती, पण कपाटातला बल्ब मी धंदा बसल्यावर कधीच काढून टाकला होता. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिलं तर फितीच्या कडांवर पांढरं. तशी लावली असती तर संपलीच असती. पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली, तोंडाला फडकं बांधलं, आणि स्पिरिटात भिजवलेल्या मऊ कापडामधून ती सगळी फीत हाताने हळूहळू ओढून घेतली. सकाळी बसलो तो जेवणाची आठवण बायकोने येऊन करून दिली. एका ठिकाणी फीत चुरगळलेली होती. ती देवळाच्या प्रसंगाच्या बरीच आधी, एवढंच नशीब. नवीन रिकाम्या कवचात ती भरली, मशीनचं डोकं साफ केलं, कानाला हेडफोन लावला आणि कॅसेट सोडली.

सिनेमा मी शेकडो वेळा पाहिला होता, पण कधी दुकानाच्या गोंगाटात, कधी लोकांच्या हसण्यात. एकटा, कानाला लावून, कधीच नाही. देवळाचा प्रसंग आला. पडद्यावर जवान दाजी नारळ धरून उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मी चमकलो. आवाज दाजींचा नव्हता.

पुन्हा मागे नेऊन ऐकलं. ओठ एक बोलत होते, आवाज दुसरंच. मुंबईतल्या कुणा नटाने मागाहून भरलेला आवाज, ओढूनताणून आणलेली मालवणी. 'म्हाराजा' शब्द तो इतका लांबवत होता की माणसांना होय म्हणायला जागाच राहत नव्हती. दाजी तो शब्द टाकायचे तेव्हा मागच्या माणसाला पाय ठेवायला जागा करून द्यायचे. मी त्यांना लग्नांत, होडीच्या पूजेत, कितीदा ऐकलं होतं. आणि इतकी वर्षं ही कॅसेट भाड्याने देताना माझ्या कानाला कळलं नाही! पण कळलं कुणाला? या जागी सगळेच हसत असायचे, आणि हसताना जो तो आपापल्या मनातला दाजी ऐकायचा.

सुगंधाला फोन लावायला घेतला आणि ठेवला. फोनवर काय सांगणार? म्हटलं, स्वतः जाऊन, तिला बाजूला घेऊन सांगावं. रविवारी पेनड्राइव्ह खिशात घालून तोंडवलीला गेलो. तर दारात चपलांचा हा ढीग. सुगंधाने शेजारपाजार बोलावला होता. बायका, पोरंटोरं, दोन-तीन जुने खलाशी, होय म्हाराजा म्हणण्यात हयात गेलेले. काकींनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, सगळ्यांसाठी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या होत्या. दाजींना मुलीने अक्षरशः हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं होतं. गळ्याला पांढरा रुमाल, नजर जमिनीकडे. उठून जायच्या बेतात.

मी सुगंधाला खुणेने बोलावलं. "गो, वायच भायर ये."

"मगे काकानू, आधी लावा. बाबा उठतीत नायतर." आणि पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेऊन तिने टीव्हीला लावलासुद्धा.

मला तिथेच सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही. सुरू झाला सिनेमा.

एवढ्या वर्षांनी तो लोकांबरोबर पाहताना एक गोष्ट लक्षात आली. काही विनोद म्हातारे झालेत. पण घोडा एस.टी.त चढला तेव्हा पोरं खिदळली, आणि पेजेच्या ठिकाणी तर बायकांनी टाळ्या दिल्या. मग आला टोळीतला मुका दरोडेखोर. हा मी पार विसरलो होतो. तो जीव तोडून खुणा करतो की मागून पोलीस आलेत, आणि टोळीला वाटतं तो जेवायला बोलावतोय. सगळे पंगत धरून बसतात. पूर्वी यावर घर डोक्यावर घ्यायचे लोक. आज खोली एकदम चिडीचूप झाली. काकींनी पदर तोंडाला लावला. माझ्या मनात आलं, हा भाग कापून आणायची अक्कल आपल्याला नको होती का?

आणि दाजी हसले. आवाज नाहीच, पण खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि एक हात गळ्याच्या रुमालावर दाबलेला. हात उचलून त्यांनी त्या मुक्याच्या खुणेची नक्कल केली आणि काकींकडे बघून बोटांनी घास दाखवला. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले, हे मला सुगंधाने नंतर सांगितलं. खोली सैल झाली.

आणि मग देऊळ आलं.

सुगंधा सरकून वडिलांच्या पायाशी बसली. पडद्यावरचे दाजी बोलू लागले. पोरं ओरडली, "आजोबा! आजोबा!" खलाशी पुढे वाकले. दोन वाक्यं झाली असतील. काकी मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो आवाज ह्यांचो नाय."

 सुगंधाने आधी आईकडे, मग टीव्हीकडे, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं हे तिला त्या नजरेत कळलं. त्या मुलीचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे बापाचा आवाज म्हणून जगात ही एकच गोष्ट होती, आणि तीही दुसऱ्याची निघाली.

"काकानू," ती म्हणाली, "मगे बाबांचो खंय आसा?"

मी पुढे होऊन सिनेमा थांबवला.

दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलले. काकी एवढ्या महिन्यांत ते वाचायला शिकल्या होत्या. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणतत, माका तेवाच म्हायत होता. मुंबैक आवाज बदललो."

"तेवाच? मगे इतकी वर्सा सांगूक काय झाला होता?" एक खलाशी जवळजवळ भांडायलाच उठला. "आमी अख्खो जलम लोकांका सांगत फिरलव!"

दाजींचे ओठ पुन्हा हलले. काकींनी वाचलं, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. "म्हणतत, तुमका बरा वाटत होता."

मग दाजींनी मला खूण केली. प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लाव. मी लावला. नट बोलू लागताच त्यांनी हात आडवा केला. बंद. मी टीव्हीचा आवाज पूर्ण घालवला.

दाजी खुर्चीतून उठले. पडद्यावर तरुण दाजी नारळ धरून उभे, बिनआवाजाचे. इकडे म्हातारे दाजी दोन्ही हात पुढे धरून उभे, तेही बिनआवाजाचे. आणि दोघांचे ओठ एकत्र हलू लागले, अक्षराला अक्षर. त्या नटाला जमलं नव्हतं ते. शूटिंगच्या दिवशी ते जे खरोखर बोलले होते, ते त्यांना इतक्या वर्षांनी तोंडपाठ होतं. पहिलं वाक्य झालं, दाजींनी हनुवटी जराशी उचलली आणि थांबले.

"होय म्हाराजा," मघाचा चिडलेला खलाशी म्हणाला.

दुसऱ्या वाक्याला चौघेपाचजण. तिसऱ्याला सगळी खोली. कुणालाही एक शब्द ऐकू येत नव्हता, पण कुठे होय म्हणायचं ते पोरांनाही चुकत नव्हतं. सुगंधा रडत रडत म्हणत होती. बाहेरून जाणारी माणसं पडवीत येऊन उभी राहिली आणि बाहेरूनच म्हणू लागली.

पडद्यावरचा प्रसंग संपला, टोळी देवळातून निघाली. मी सिनेमा थांबवला. दाजी थांबले नाहीत. दरोड्याचं गाऱ्हाणं संपवून ते घराच्या गाऱ्हाण्यात शिरले होते. सुगंधाकडे हात करून काहीतरी मागितलं, होय म्हाराजा. काकींकडे, होय म्हाराजा. खलाशांकडे, पोरांकडे, पडवीतल्या माणसांकडे. जो जो आला त्याच्यासाठी मागायचं ही गाऱ्हाण्याची रीतच आहे, त्यात कुणाला वगळत नाहीत.

शेवटी त्यांचा हात माझ्याकडे वळला. ओठ बराच वेळ हलत होते. मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही, आणि काकींनीही या खेपेला सांगितलं नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते. दाजींनी हनुवटी उचलली. खोली माझ्यासाठी थांबली होती. काय मागितलं ते न कळताच, पण सगळ्यांच्या वर ऐकू जाईल असं मी म्हटलं, "होय म्हाराजा."